तात्यांचे डोळे आणि नीलांबरीचा ट्रिगर

चिपळूणच्या तात्या रेडीजांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सगळं गोत जमलेलं, आणि जेवणं उरकताच निम्मी मंडळी पांगणार होती. म्हणून फोटोग्राफर नीलांबरी खातूने सगळ्यांना कार्यालयाच्या मंचावर उभं केलं आणि बटण दाबलं. कडेचा फ्लॅश पेटलाच नाही.

तात्यांचे पुण्याचे जावई विद्याधरराव हे कॅमेरा क्लबचे अध्यक्ष. ते तडक खाली उतरले. "बाई, फ्लॅश पेटवणारा ट्रिगर भाजीच्या भावात घेतलात, तर असंच होणार!" त्यांनी आपला महागडा ट्रिगर फ्लॅशला जोडला, आपल्या कॅमेऱ्याने एक फोटो काढला आणि लख्ख उजेड पाडला. "झालं! माझा ट्रिगर चुकत नाही. मी फोटो एकदाच काढतो."

नीलांबरीला राग आला, पण जावयापुढे कोण बोलणार? जावई खालीच थांबले, आणि आपला ट्रिगर पुन्हा जोडून ती बटण दाबत राहिली. फ्लॅश कधी पेटायचा, कधी रुसायचा, आणि दर वेळी हशा पिकायचा.

मग दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो सगळ्यांनी पाहिले. जावयांच्या फोटोत उजेड देखणा होता, पण तात्यांचे डोळे गच्च मिटलेले. नीलांबरीच्या शेवटच्या फोटोत मात्र तात्या टक्क उघड्या डोळ्यांनी हसत होते.

"हे कसं जमलं?" विद्याधररावांनी विचारलं.

"साहेब, तुमचा ट्रिगर चुकत नाही, म्हणून तुम्ही एकदाच काढता. माझा चुकतो, म्हणून मी पुन्हा पुन्हा काढते. आणि तात्यांचे डोळे माझ्या ट्रिगरच्या जातीचे आहेत. पहिल्या खेपेला साथ देत नाहीत!"

सगळ्यांत मोठ्याने तात्याच हसले. "जावईबापू, तो कॅमेरा ठेवा आणि माझ्या शेजारी या. आजवर आमच्या एकाही फोटोत तुम्ही नाही!"

विद्याधरराव लाजत, हसत सासऱ्यांना बिलगून उभे राहिले.