शून्य आलं होतं

"म्हणजे माईंचा तो आवाज आता परत येणारच नाही?" गोविंदबुवांनी विचारलं.

मिहीर मान खाली घालून ओट्यावर बसला होता. वारणेकाठच्या त्या लहानशा मठात माईंनी देह ठेवल्यापासून बुवा एकटेच राहत. मिहीर शहरातून यायचा.

मागच्या खेपेला याच ओट्यावर बसून त्याने काय बढाया मारल्या होत्या! माईंची सगळी प्रवचनं त्याने मठाच्या ॲपमध्ये भरायला घेतली होती. डेटा दाबून लहान करणारी एक वेगवान लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, त्याला सापडली होती. "बुवा, पापणी लवायच्या आत काम फत्ते!" उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसरं काय?

"बाकीची सगळी आहेत," तो म्हणाला. "फक्त शेवटचं गेलं."

शेवटचं, म्हणजे माई अंथरुणावरून बोलल्या होत्या ते. 'गोविंदा, ऐकतोयस ना?' असं सुरू होणारं.

"कसं गेलं?"

"दाबलेला डेटा ठेवायला आधी जागा राखावी लागते. दाबल्यावर लहानच होणार, म्हणून मी मूळच्याहून कमी राखली. पण ते मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आधीच दाबलेलं होतं. आणखी लहान होईना. मावलं नाही."

"आणि मूळ?"

"काम झालं असं समजून माझ्या प्रोग्रॅमने ते पुसलं... त्या जागी दुसरं लिहिलंही गेलं."

"मावत नाही, असं तुझी ती लायब्ररी बोलली नाही?"

"बोलली होती. मावलं नाही की ती शून्य परत पाठवते."

"मग?"

"मी बघितलंच नाही, बुवा. दर वेळी उत्तर बघत कुठे बसायचं, असं वाटलं..."

डोळ्यांत आलेलं पाणी बुवांनी पुसलंही नाही. यांनी दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिहीरला वाटलं.

"मला काहीतरी प्रायश्चित्त द्या."

बुवांनी अंगणापलीकडे बोट केलं. तिथे माईंची खोली होती. मठाचा रिवाजच होता, त्यांच्या दाराशी 'येऊ का?' म्हणायचं आणि आतून 'ये' आलं तरच उंबरा ओलांडायचा. मिहीर मात्र विचारता विचारताच आत शिरायचा. माई हसून म्हणायच्या, "अरे, मला बोलू तरी दे!"

"जा. विचारून ये."

"पण बुवा, आत..."

"जा."

मिहीर गेला. दार नुसतं लोटलेलं होतं.

"माई, येऊ का?"

...

तो थांबला. नदीवरून वारा आला, कडी जराशी हलली आणि पुन्हा स्थिर झाली. तो थांबूनच राहिला. मग तिथेच, उंबऱ्याबाहेर, त्याला रडू फुटलं.

आत न जाता तो परत आला.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही, बुवा..."

बुवांनी आपल्या शेजारची जागा हाताने झटकली.

"आज ऐकलंस. बस."