मनोऱ्याला परांची नव्हतीच

एका राजधानीत बांधकामांचे मक्ते घेणारा एक मक्तेदार राहत होता. धर्मशाळा, पाण्याचे हौद, राजवाड्याच्या भिंती, गावातली सगळी मोठी कामं त्याच्याकडेच यायची. बोलायला फार गोड. वाटेत भेटेल त्याची विचारपूस करायचा, सणासुदीला मजुरांच्या पोरांना लाडू वाटायचा. म्हणूनच पुढे जे घडलं त्याने लोक सुन्न झाले. मला तर ते सांगतानाही अजून खरं वाटत नाही.

त्या राज्यात मक्तेदारी करायची तर राजाचा परवाना लागायचा. परवाना म्हणजे तांब्याचा एक पत्रा. आपण बांधकाम कसं करतो ते मक्तेदाराने शपथेवर सांगायचं आणि ते त्या पत्र्यावर कोरलं जायचं. मग कोरलंय त्याहून वेगळं काही केलं, तर परवाना गेला.

आणखी एक रीत होती. इमारत पुरी झाली की इमारतखात्याचे कारभारी तिच्या पायरीवर उभे राहून विचारायचे, "कुणाचं येणं राहिलंय का?" ज्याची मजुरी थकली असेल त्याने आपलं हत्यार पायरीवर ठेवायचं. गवंड्याने थापी, सुताराने रंधा. तो हिशेब मिटेपर्यंत मक्तेदाराला पुढचं काम मिळायचं नाही.

राजाने गावाच्या वेशीच्या दोन्ही अंगांना टेहळणीचे उंच मनोरे बांधायला काढले. पहिला मनोरा पुरा झाला आणि कारभारी पायरीवर येऊन उभे राहिले. मक्तेदार निर्धास्त होता. गवंड्यांचे, सुतारांचे, पाथरवटांचे पैसे त्याने चोख दिले होते. राहिली होती एकटी परांचीवाली.

परांची म्हणजे बांबू आणि काथ्याच्या दोऱ्या बांधून भिंतीला लावलेलं मचाण. तिच्यावर उभं राहून गवंडी उंचावरचं काम करतात आणि काम संपलं की ती सोडून टाकतात. ही बाई, तिचा दीर आणि तिची जाऊ मिळून परांच्या बांधायचे. मनोऱ्यासाठी तिने बाजारातल्या बांबूवाल्याकडून उधारीवर बांबू आणले होते. मजुरी मिळाली नाही तर बांबूवाला सगळे बांबू उचलून नेणार होता, आणि बांबू गेले की तिचा धंदाच बसणार होता. मक्तेदार तिला आधी म्हणाला, काम पुरं होऊ दे. काम पुरं झालं, परांची सुटली, तेव्हा म्हणाला, उद्या ये. तो उद्या काही आला नाही.

तिने काथ्याच्या दोरीचं एक वेटोळं पायरीवर ठेवलं.

मक्तेदाराने तिच्याकडे असं पाहिलं, जणू जन्मात कधी भेट झाली नव्हती. "कारभारी, या बाईंचा काहीतरी गोंधळ होतोय," तो म्हणाला. "दगड पाथरवटाचा, दारं सुताराची. यांचं या मनोऱ्यात काय आहे ते त्यांनी बोट ठेवून दाखवावं. या मनोऱ्याला परांची नव्हतीच."

बाईला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"परांची नव्हती, तर गवंडी वर चढले कसे?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"माझे गवंडी पट्टीचे आहेत. भिंतीवर उभं राहून भिंत वर नेतात. शपथेवर सांगतो."

आता, ही परांची अख्ख्या गावाने पाहिली होती. कारभाऱ्यांनीही येता-जाता पाहिली होती. पण साक्ष फक्त त्या कामावरच्या, आणि ज्यांचं काही येणं राहिलेलं नाही अशा माणसांचीच चालायची, असा नियम होता. कारभाऱ्यांनी मुख्य मिस्तरीला पुढे बोलावलं.

मिस्तरी तसा वाईट माणूस नव्हता. पण दुसरा मनोरा अजून बांधायचा होता, आणि ते काम मक्तेदारच देणार होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "परांची होती असं काही आठवत नाही, साहेब." त्याच्या मागे उभ्या असलेल्या एकाही गवंड्याने तोंड उघडलं नाही.

"मिस्तरी, रोज दुपारची भाकरी तुम्ही माझ्या परांचीवर बसून खात होता," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसती थक्क झाली होती. "परवा तुम्हीच म्हणालात, वहिनी, तुमच्या गाठीवर डोळे मिटून पाय ठेवावा."

मिस्तरीने मान वर केली नाही. बाईने दोरी उचलली आणि ती घरी गेली.

 मग कारभारी म्हणाले, "ठीक आहे. शपथेवर सांगितलंय, तर परवान्यावर तसंच कोरू. हा मक्तेदार परांचीशिवाय बांधतो." मक्तेदाराला आनंद झाला. नाव होणार आणि परांचीचा खर्चही कायमचा वाचणार, असं त्याला वाटलं. गवंड्यांचे चेहरे मात्र उतरले. कारभाऱ्यांचं हे वागणं मला पुरतं पटत नाही. मक्तेदाराला अद्दल घडवायची होती तर दुसरा रस्ता काढायला हवा होता, कारण भिंतीवर चढणार होते ते गवंडी.

दुसरा मनोरा सुरू झाला. शिडी पुरली तोवर ठीक चाललं. शिडी संपल्यावर गवंडी भिंतीतून थोडे बाहेर काढलेल्या दगडांवर पाय देत चढू लागले आणि भिंतीच्या माथ्यावरच उभं राहून पुढचा थर लावू लागले. जीव मुठीत धरून काम चालायचं. कुणी कुरकुर केली की मक्तेदार म्हणायचा, "परांची लागत नाही हे तुम्हीच सांगितलंत ना?" 

एका दुपारी मिस्तरी सगळ्यात वर होता. खाली उतरायला त्याने पाय टाकला आणि ओल्या चुन्यातला दगड निखळून खाली पडला. त्याच्या खालचाही गेला. मिस्तरी कसाबसा भिंतीच्या माथ्यावर पोटावर पडून राहिला, दोन्ही हातांनी भिंत कवटाळून. माथ्यावरचे दगडही त्याच्या वजनाने हलत होते. खाली गर्दी जमली. मिस्तरीची बायको धावत आली.

"परांचीवाल्या बाईंना बोलवा," कुणीतरी म्हणालं.

"थांबा," मक्तेदार म्हणाला. "भिंतीला बांबू लावायचा नाही. माझा परवाना जाईल."

क्षणभर कुणाला कळेचना, हा काय बोलतोय. मिस्तरीच्या बायकोने त्याच्यापुढे हात जोडले. "अहो, माझा माणूस वर अडकलाय."

"कळतंय मला. पण नियम तो नियम. चुना सुकू दे, मग बघू काहीतरी."

पोरांना लाडू वाटणारा तो हाच माणूस. लोक त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. एक गवंडी तेवढा भानावर होता. तो तडक परांचीवालीच्या घरी पळाला.

तिच्या दारात बांबूवाल्याची बैलगाडी उभी होती आणि तिचे बांबू गाडीत भरून झाले होते. गवंड्याने धापा टाकत सगळं सांगितलं. बाईने विचारलं, "अडकलाय तो कोण, मिस्तरीच ना? ज्याला माझी परांची आठवत नव्हती तो?"

गवंड्याने मान डोलावली. बाईने दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं. मग बांबूवाल्याला म्हणाली, "दादा, बांबू तुमचेच आहेत, मी नाही म्हणत नाही. पण आज गाडी वेशीवर घ्या." बांबूवाल्याने मुकाट्याने बैल वळवले.

वेशीवर मक्तेदार गाडीला आडवा आला. तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "तुझी सगळी मजुरी आत्ता देतो. वर तेवढीच आणखी देतो. फक्त गाडी परत ने."

"आणि मिस्तरी पडला तर?"

"ते त्याचं नशीब. तुला कुठे त्याचा पुळका आहे? त्याने तुला बुडवलंच ना?"

 ज्या पैशासाठी तिने उंबरे झिजवले होते, तो पैसा समोर होता. धंदा वाचत होता, बांबू परत मिळत होते, आणि मिस्तरीने तर तिचं वाईटच केलं होतं. तिने वर पाहिलं. मिस्तरीची एक चप्पल पायातून सुटून खाली पडली होती आणि त्याचा अनवाणी पाय भिंतीवर आधार शोधत होता.

"हे मक्तेदार मला दुप्पट पैसे देतायत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कशाचे, तर मिस्तरीला वरच ठेवण्याचे." मग तिने दिराला हाक मारली आणि पहिला बांबू भिंतीला लावला.

काम झपाझप झालं. गाठ बसली की ती वर चढायची आणि पुढची गाठ बांधायची. ज्या गवंड्यांनी त्या दिवशी तोंड उघडलं नव्हतं, तेच आता खालून बांबू वर देत होते. शेवटी मिस्तरीचा पाय परांचीवर टेकला. तोवर कारभारीही येऊन पोचले होते. मिस्तरी खाली उतरायची वाट न बघता वरूनच बोलला, "साहेब, परांची होती. पहिल्या मनोऱ्यालाही होती, यांनीच बांधली होती. मी खोटं बोललो." मग बाकीचे गवंडीही एकेक करून तेच बोलले.

कारभाऱ्यांनी मक्तेदाराचा परवाना तिथेच काढून घेतला. राज्यात त्याने पुन्हा कधी वीटसुद्धा रचू नये, असा हुकूम निघाला. सरकारात त्याची अनामत होती, तिच्यातून बाईची मजुरी चुकती झाली आणि बांबूवाल्याची उधारीही फिटली. खोटी साक्ष दिली म्हणून मिस्तरीचीही एका हंगामाची मजुरी कापली गेली, आणि त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही.

त्या दिवशी खाली उतरल्यावर मिस्तरी बाईसमोर उभा राहिला.  "वहिनी, मला माफ करा," तो म्हणाला.

बाई दोरी गुंडाळत होती. ती म्हणाली, "मिस्तरी, तुम्ही खरं बोललात, पण माझी परांची तुमच्या पायाखाली आल्यावर बोललात. ती यायच्या आधी बोलला असतात तर मला जास्त बरं वाटलं असतं."

मिस्तरीने दोरीचं दुसरं टोक उचललं आणि तो तिच्याबरोबर ती गुंडाळू लागला. 

गोष्ट एवढीच, आणि तिचं तात्पर्य: दुसऱ्याच्या घामाचा पैसा बुडताना जो गप्प बसतो, तो आपल्याच पायाखालचा आधार काढून देत असतो.