खालचा अर्धा पडदा

"…पण मग दुसरा जोडीदार देणार आहात की नाही, वस्ताद?"

निनाद आवटीनं पुन्हा विचारलं. बाबालाल वस्ताद कंट्रोलरवर बसलेलं पीठ फडक्यानं पुसत होते.

"जोडीदार मागणारा आज तू दुसरा," ते म्हणाले.

पहिला कोण, हे निनादनं विचारलं नाही. दुसऱ्यांच्या गोष्टीत त्याला रस नसतो.

वस्तादांचं गेम पार्लर मिरजेत पिठाच्या गिरणीच्या वर आहे. खाली पट्टा सुरू झाला की वरची जमीन थरथरते, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक वस्तूवर पिठाची पातळ साय धरते. वस्तादांचा जन्म तालमीत गेला. पार्लर खरं तर त्यांच्या मुलाचं. तो दुबईला गेला तेव्हा वस्ताद गल्ल्यावर येऊन बसले आणि तालमीचे कायदे सोबत घेऊन आले.

चपला बाहेर. शिवी नाही. खेळायला बसण्याआधी मशीनला हात लावून नमस्कार. पोरं आधी खिदळली, मग गपचूप करू लागली. आम्ही चेष्टेनं त्या जागेला मठ म्हणतो.

माझं समोर घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की, म्हणजे बहुतेक रोजच, मी मठात जाऊन बसतो.

वस्तादांना स्वतः खेळताना कुणी पाहिलेलं नाही. ते मागं स्टुलावर बसून बघतात आणि आठवड्यात एखादं वाक्य बोलतात. त्या एका वाक्यासाठी सांगलीहून पोरं येतात.

"धैर्याला काय झालं?" वस्तादांनी विचारलं.

"तो गेला. परवा मधेच कंट्रोलर खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेला. फोनही उचलत नाही."

"का?"

"मी खरं ते बोललो म्हणून."

"काय बोल्लास?"

"म्हटलं, तू भित्रा आहेस."

वस्तादांनी फडकं झटकलं. पीठ उडालं. मला शिंक आली, आणि निनादनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्याच तोंडावर शिंकलो.

धैर्यशील माळी म्हणजे धैर्या. निनादच्या शेजारचा, बालवाडीपासूनचा दोस्त. गेली दोन वर्षं दोघं एकच खेळ खेळत होते. त्याचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. मिरजेत त्याला नुसतं 'बेट' म्हणतात.

दोन शिपाई समुद्राकाठी उतरतात. पुढं नारळाची झाडं, दलदल, साप, आणि झाडोऱ्यात लपलेले बंदूकवाले. हे सगळं ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर उभी असलेली बोट गाठायची. बोट एकट्याला घेऊन सुटत नाही. दोघं चढले तरच सुटते.

येत्या रविवारी सांगलीला याच खेळाची जोड्यांची स्पर्धा होती. दोघांची नावं देऊन झाली होती. निनादनं कॉलेज जवळजवळ वाऱ्यावर सोडलं होतं ते या एका रविवारसाठी. वडिलांनी घरात बोलणं टाकलं होतं. रविवारी जिंकून दाखवलं नाही तर खेळ कायमचा बंद, एवढंच त्यांचं शेवटचं वाक्य होतं.

"मी पन्नास मारतो तेव्हा हा आठ-दहा मारतो," निनाद सांगत होता. "मी पुढे, हा मागे. सदा मागे. आणि झुलत्या पुलावर दर वेळी मरतो."

"तू तवा कुठं असतोस?"

"पलीकडे पोचलेला असतो."

"पोचून काय करतोस?"

"बोटीकडे जातो. दुसरं काय करणार?"

"मागं बघून?"

"मागे कशाला बघू, वस्ताद? दोन वर्षांत माझ्या पाठीत एक गोळी लागलेली नाही. विचारा कुणालाही. मला मागचं आपोआप कळतं."

हे मात्र खरं होतं. निनादच्या पाठीत गोळी लागत नाही, ही गोष्ट पार्लरमध्ये नव्या पोरांना कौतुकानं सांगितली जायची. सांगणाऱ्यांत निनाद सगळ्यात पुढे असायचा.

वस्तादांनी फडकं बाजूला ठेवलं.

"मग तुला जोडीदार लागतोय कशाला?"

"बोट सुटत नाही ना एकट्यानं."

वस्तादांनी मान डोलावली. मग ते स्टुलावरून उठले, दोन्ही कंट्रोलर घेतले आणि टीव्हीसमोरच्या चटईवर मांडी घालून बसले.

मी पायरीवर टेकलो होतो तो सरळ झालो. वस्ताद आणि खेळायला? मी खिशातून चष्मा काढून लावला.

"बस," ते निनादला म्हणाले. "तुझा पैला. माझा दुसरा."

निनादला हसू आलं. त्यानं ते गिळलं, एवढी समज त्याला होती.

जोडीनं खेळताना टीव्हीच्या पडद्याचे आडवे दोन भाग होतात. वरचा पहिल्याचा, खालचा दुसऱ्याचा. ज्याला त्याला त्याच्याच डोळ्यांपुढचं दिसतं. समोर बंदूक, बंदुकीवर आपले दोन हात, त्यापलीकडे बेट. दुसऱ्याच्या भागात डोकावणं म्हणजे लबाडी, असा पोरांचा जुना कायदा. एकमेकांविरुद्ध खेळताना तो बरोबरच होता. जोडीनं खेळतानाही त्यांनी तो तसाच पाळला. निनाद दोन वर्षं वरच्या भागात खेळत आला होता आणि खाली त्यानं कधी नजर टाकली नव्हती.

खेळ सुरू झाला. लाटा आल्या, नारळाची झाडं आली.

आणि वस्ताद उठले. रोज दुकान बंद करताना टीव्हीवर टाकतात तो जुना पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल त्यांनी खुंटीवरून काढला आणि टीव्हीच्या माथ्यावरून पुढं सोडला. वरचा अर्धा पडदा झाकला गेला.

"वस्ताद, माझं दिसत नाही!"

"माझ्यात बग."

"तसं कसं खेळणार?"

"बग तर."

निनादनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मठातले कायदे मला विचारून होत नाहीत.

खालच्या भागात वस्तादांच्या शिपायाच्या डोळ्यांपुढचं दिसत होतं. वाळू, आणि थोड्या अंतरावर एका माणसाची पाठ. पाठीवर पिवळी वळकटी बांधलेली. शर्ट खांद्यापाशी फाटलेला.

"हा पुढचा कोण?" निनादनं विचारलं.

"तू."

निनाद पडद्याकडे सरकला. दोन वर्षं त्याला स्वतःचे फक्त हात दिसत आले होते.

त्यानं कंट्रोलर हलवला. पिवळी वळकटी पुढं निघाली, वाकडी गेली आणि माडावर आदळली. मला हसू आवरलं नाही. निनादचे कान लाल झाले. पण पोरगा हुशार, हे कबूल केलं पाहिजे. थोड्या वेळात त्याला ते जमायला लागलं. स्वतःची पाठ बघत तो स्वतःला चालवू लागला, मग पळवू लागला. समोरचे बंदूकवाले तो नेहमीसारखे टिपत सुटला.

वस्ताद मागून चालत होते. जाड बोटं, सावकाश. मातीत चालतात तसंच ते वाळूत चालत होते.

दलदलीपाशी निनाद पुढं गेला, आणि त्याच्या मागं, वळकटीपासून चार हातांवर, चिखलातून एक डोकं वर आलं. बंदूक वर आली. वस्तादांचा अंगठा हलला. डोकं परत चिखलात गेलं.

"हा कुठून आला?" निनाद म्हणाला. "इथे कुणी नसतो."

"असतो की."

पुढं करवंदीच्या जाळीसारखं काहीतरी होतं. निनाद तिच्याजवळून गेला आणि त्याच्या पाठीमागं जाळी हलली. वस्तादांनी गोळी झाडली. जाळी थांबली.

मग एक माडावरून उतरला. तो निनादच्या पाठीवर नेम धरून उभा राहिला. तोही पडला.

निनाद पुढचे मारत होता, पण त्याचे डोळे पुढच्यांवर नव्हते. प्रत्येक वळणावर तो स्वतःच्या मागं बघत होता, आणि प्रत्येक वळणावर तिथं कुणीतरी उठत होतं.

"वस्ताद…"

"हं."

"धैर्याचे आठ-दहा… ते हेच का?"

खाली गिरणीचा पट्टा चालू झाला आणि चटई थरथरू लागली.

झुलता पूल आला. खाली पांढरं पाणी, वर दोरखंड आणि फळ्या. निनादनं सवयीनं पुलावर पाय टाकला. अर्ध्यावर पोचला असेल नसेल, अलीकडच्या काठावरच्या लव्हाळ्यातून एक जण उभा राहिला. वस्तादांच्या अगदी समोर. त्याची पाठ वस्तादांकडे, तोंड पुलाकडे.

त्यानं बंदूक खांद्याला लावली.

वस्तादांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"वस्ताद, मारा त्याला!"

वस्तादांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तालमीत कुस्ती बघायला बसतात तसे ते बसले.

"वस्ताद, तो मला… अहो, मारा ना!"

निनादनं वळायची धडपड केली. पण स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि त्या अरुंद फळीवर वळायला वेळही नव्हता. पिवळी वळकटी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. गोळी सुटली.

शिपाई पालथा पडला. फळी हलत राहिली. मग तो दोरखंडाखालून घरंगळला आणि पाण्यात गेला.

टॉवेल तसाच होता. त्याच्यामागं वर काय दिसत होतं, ते कुणी पाहिलं नाही.

निनादच्या पाठीत पहिली गोळी लागली ती अशी. मला त्याची दया आली. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे बघून 'घड्याळजी, तुम्हाला नाही कळणार' असं तो बरेचदा म्हणालेला आहे.

पण त्याचा चेहरा पाहिला आणि ते बरं वाटणं ओसरलं. तो पडद्याकडे बघत होता. वस्तादांचा शिपाई काठावर एकटाच उभा होता. समोर रिकामा पूल होता. लव्हाळ्यातला माणूस आता सावकाश त्याच्याकडे वळत होता, आणि त्याच्या मागं आणखी उठत होते.

"इथेच राहायचा तो," निनाद म्हणाला. "मी पलीकडे जाईपर्यंत… इथेच."

वस्तादांनी पडद्याकडे हनुवटी केली.

"आणि तो निघाला की…"

वस्तादांचा शिपाईही पडला. खालचा पडदा लाल झाला, मग काळा.

पट्टा थांबला. खाली कुणीतरी डबा आपटून पीठ भरत होतं.

निनादनं बाहीनं नाक पुसलं. मी खिडकीतून रस्त्याकडे बघू लागलो. अशा वेळी माणसाला बघू नये.

"वस्ताद, तो फोन उचलत नाही माझा. घरी गेलो तर त्याची आई म्हणते, झोपलाय. दुपारी कसला झोपतोय… तुम्ही बोलाल का त्याच्याशी?"

"बोललो की. सकाळी आलता."

"इथे?"

"व्हय."

"काय म्हणाला?"

वस्तादांनी उठून टीव्हीवरचा टॉवेल काढला. झटकला. त्याची नीट चौपदरी घडी घातली.

"जोडीदार मागत होता," ते म्हणाले. "दुसरा."

निनादनं मान खाली घातली. मघाशी जे त्यानं विचारलं नव्हतं, ते आता त्याला कळलं होतं.

चटईवरचं पीठ त्यानं बोटानं पुसलं.

"मग… तुम्ही काय सांगितलंत?"

"रविवारी देतो म्हटलंय."

"म्हणजे तो खेळणार आहे रविवारी?"

"खेळनार की."

"माझ्याशिवाय?"

वस्तादांनी घडी खुंटीवर टाकली.

निनाद चटईवर तसाच बसून होता. पहिला कंट्रोलर त्यानं घट्ट धरला होता. मला वाटलं, आता उठेल, चपला घालेल आणि जाईल. धैर्या गेला तसाच. तसा तो अर्धवट उठलाही.

मग पुन्हा बसला.

"चांगला आहे का तो, वस्ताद?" त्यानं विचारलं. "धैर्याला मिळणार आहे तो… पुलावर थांबेल ना त्याच्यासाठी?"

वस्ताद त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्याच्या बोटांतून त्यांनी पहिला कंट्रोलर सोडवून घेतला. दुसरा फडक्यानं पुसला आणि त्याच्या हातात ठेवला.

"अजून कच्चा हाय. बस."