शेवटची रेघ

ही गोष्ट इतकी जुनी आहे की ती पाहिलेलं एखादं झाडसुद्धा आता उरलेलं नाही. लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही तर ऐकाच.

एका राज्यात कायदे कागदावर लिहीत नसत. राजवाड्यासमोर एक काळा कातळ होता, त्यावर ते कोरत. ऊनपावसानं अक्षरं झिजली आणि वाचता येईनाशी झाली, की तो कायदा संपला, अशी तिथली रीत होती.

त्या राज्यात एक वकील होता. काय सांगू त्याच्या वाणीचं! तो बोलायला उभा राहिला की न्यायाधीश तोंडातला विडा चघळायचं विसरत. त्याचा नियम एकच होता. दाराशी जो आधी येईल, त्याची बाजू घ्यायची.

एकदा एक बागाइतदार त्याच्याकडे आला. त्याच्या जमिनीत झरा होता आणि झऱ्याचं पाणी खालच्या वाडीला जात असे. ते त्याला अडवायचं होतं. कातळावर एक फार जुना कायदा होता: ज्याच्या जमिनीत झरा, त्याचंच सगळं पाणी. पण त्यावर शेवाळ चढलं होतं, एक अक्षर दिसत नव्हतं. वाडीचे लोक म्हणाले, हा कायदा कधीच मेला.

वकील कातळापाशी गेला. डोळे मिटून त्यानं शेवाळावरून बोट फिरवलं आणि सगळा कायदा खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

"डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागतो. बोटाला लागतो तोवर कायदा जिवंत आहे!"

लोक थक्क झाले. न्यायाधीशांनीही बोट फिरवलं आणि मान डोलावली. मग वकिलाच्याच विनंतीवरून ती अक्षरं पुन्हा खोल कोरून घेतली गेली.

दोन वर्षांनी वकील वाडीवरून चालला होता. तहान लागली म्हणून त्यानं एका कुंभारणीच्या दारात पाणी मागितलं. तिनं अर्धाच पेला भरून दिला.

"एवढंच?"

"दोन कोसांवरनं आनलंय. झरा तुमीच बंद केलात न्हवं?"

वकील ओशाळला. "बाई, माझा नियम आहे. बागाइतदार आधी आला. तुम्ही आधी आला असता, तर तुमच्या बाजूनं बोललो असतो."

"त्याच्याकडं घोडं व्हतं, वकीलसाहेब," कुंभारीण म्हणाली. "आमी पायी निघालो व्हतो."

कुणापुढेही न हरलेला तो माणूस त्या दारात हरला. पाण्याचा पेला त्यानं तसाच परत दिला.

त्यानं वकिली सोडली. लोकांनी त्याला निवडून कायदे करणाऱ्या सभेत पाठवलं. त्याचं भाषण ऐकायला सभा गच्च भरली, पण तो उभा राहिला आणि दोनच वाक्यं बोलला. "हा कायदा मी जिवंत ठेवला. मला तो पुसू द्या."

सभेनं होकार दिला. पण रागाच्या भरात कुणी कायदा फोडू नये, म्हणून त्या राज्यात कातळाला लोखंड लावायला मनाई होती. कायदा पुसायचा तो वाळूनं, पाण्यानं आणि हातानं. तोही ज्यानं मागणी केली, त्याच्याच हातानं. आणि अक्षर पुसेपर्यंत झरा बागाइतदाराचाच.

तो घासायला बसला. सहा वर्षं बसला! नखं गेली, तळहाताच्या रेषा गेल्या. आधी लोक हसत. पुढे तिथून जाताना चपला हातात घेऊन जाऊ लागले. इकडे वाडीतली चाळीस घरं नऊवर आली. कुंभारणीनंही आपलं चाक गाडीत चढवलं होतं.

शेवटी न्यायाधीश तपासायला आले. सगळी वाडी जमली. कुंभारीण भरली गाडी घेऊनच आली होती. न्यायाधीशांनी कातळावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "काही लागत नाही."

बागाइतदाराचा नवा वकील पुढे झाला. तो आपल्या या वकिलाचाच शिष्य. त्यानंही चाचपून पाहिलं, त्यालाही काही सापडलं नाही. तरी तो म्हणाला, "ज्या बोटानं तेव्हा वाचलं, त्याच बोटानं आज वाचावं."

वाडीला हायसं वाटलं. तो तर आपलाच माणूस!

घासून घासून म्हातारा झालेल्या वकिलानं डोळे मिटले, बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"एक रेघ लागतेय," तो म्हणाला.

कुंभारीण ओरडलीच, "नाही म्हना की! एक रेघ कुनाला कळतीय?"

"मला कळतेय, माय. आज मी खोटं बोललो, तर उद्या माझ्यासारखाच कुणी येईल आणि ती रेघ वाचून तुमचं पाणी पुन्हा नेईल."

शिष्यानं मान खाली घातली. कुंभारीण कितीतरी वेळ त्या हातांकडे पाहत राहिली. मग तिनं गाडीतलं चाक उतरवलं आणि कातळाच्या सावलीत बसली.

तो आणखी आठ दिवस घासत होता. नवव्या दिवशी त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "गेली." या वेळी कुणीही तपासून पाहिलं नाही. बागाइतदारानं स्वतः बांध फोडला. त्या पाण्यावर पुढे कधीही कुणी दावा लावला नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देणाऱ्याच्या शब्दावर बोट ठेवायची छाती कुणाची होणार?

मुलांनो, आपल्या हातानं कोरलेली चूक आपल्याच हातानं पुसावी, आणि शेवटची रेघ जाईपर्यंत ती पुसली असं म्हणू नये.