दुमडलेला कोपरा

एकदा एका वृद्ध बिशपसाहेबांकडे एक तरुण पाळकाचे शिक्षण घ्यायला राहिला होता. तीन आठवडे त्याच्या अंगातला ताप हटत नव्हता, अन्नावरची वासना उडाली होती. तरी त्याने घरी आईला लिहिले, ‘मी सुखरूप आहे, प्रकृती उत्तम आहे.’ अक्षर मोत्यासारखे. खाली आशीर्वादाच्या दोन ओळी लिहाव्यात म्हणून पत्र त्याने बिशपसाहेबांपुढे ठेवले.

बिशपसाहेबांनी ते वाचले, लिहिले मात्र काही नाही. कागदाचा एक कोपरा दुमडला आणि नखाने घट्ट दाबला.

तरुणाच्या कपाळाला आठी पडली. “साहेब, इतका स्वच्छ कागद, आणि त्याचा कान पिरगळलात?”

“पिरगळायचा तुझाच होता,” ते हसले. मग हसू मावळले.

“राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातली गोष्ट. आठव्या वर्षी मला मिशनच्या बोर्डिंगात घातलं. घर इतकं लांब की सुट्टीतही तिथंच राहायचं. आईला अक्षरओळख नव्हती. निघताना म्हणाली, ‘बाळा, पत्र कुणीही वाचून दाखवील, पण खरं काय ते मला कसं कळावं? तुला करमेनासं झालं तर कागदाचा कोपरा दुमड. आठ दिवस लागले तरी मी चालत येईन.’

“दर शनिवारी मास्तर फळ्यावर पत्र लिहीत, ‘मी आनंदात आहे.’ आम्ही ते उतरवून काढायचं. पहिल्याच शनिवारी मी कोपरा दुमडला. मास्तरांनी तो सरळ केला आणि विचारलं, ‘टापटिपीचं बक्षीस नको का तुला?’ मला हवं होतं रे. पुढं पाठीवर छडीचे वळ उठले, रडून उशी भिजली, पण कोपरा दुमडला नाही. तीन वर्षं बक्षीस माझंच.”

“आणि आई?”

“चौथ्या वर्षी पटकीच्या साथीत गेली. घरी गेलो तर तिच्या पेटीत माझी सगळी पत्रं. मधली अक्षरं जशीच्या तशी स्वच्छ, आणि चारही कोपरे चाचपून चाचपून काळे पडलेले.”

तरुणाने आपले पत्र बाजूला सारले. मग त्याने दुसरा कागद घेतला. अक्षर वाकडे आले, ओळ खाली उतरत गेली. ‘आई, मला ताप आहे. जमलं तर ये.’

त्या ओळीखाली बिशपसाहेबांनी आशीर्वाद लिहिला.

आपणही घरी लिहिताना अक्षर वाकडे आले तर येऊ द्यावे.