टिबुकलीने परत पसरलेली पानं

तळ्यांची राखण अजून पाखरांकडेच होती, तेव्हाची ही गोष्ट. पाणमांजराची पिल्लं पहिल्यांदा पोहायला उतरायच्या आधी काठ साफ करायचा असे. वरची पानं बदकाने काढायची आणि टिबुकलीने बुड्या मारून तळातलं गवत उपटायचं, अशी वाटणी होती.

त्या वर्षी बदकाचं काम लवकर आटोपलं. पाणी लख्ख दिसताच त्याने पिल्लांना हाकही मारली. पण टिबुकलीचं काम अजून चालूच होतं. तळाचं निम्मं गवत तसंच होतं, आणि गेल्याच वर्षी त्यात गुरफटलेला उंदीर वर आला नव्हता.

“बदकदादा, थांबवा त्यांना!”

“कुठे दिसतेय घाण? उगाच घाबरवू नकोस लेकरांना.”

पिल्लं किंचाळत, ढकलाढकली करत धावत सुटली होती. त्या गलक्यात टिबुकलीचं कोण ऐकणार? तिने बदकाने काठावर रचलेला पानांचा ढीग चोचीने, पंखांनी भराभरा पाण्यात लोटला.

“ई, काय घाण आहे!” पिल्लं काठावरच थबकली.

“माझ्या कामाची माती केलीस!” बदक कडाडलं.

 टिबुकलीने छातीत श्वास भरला आणि पानांखाली बुडी मारली. बदकाची बडबड संपायच्या आत गवताची पहिली जुडी वर आली.