लेकीला ‘नाही’ म्हणू नये

“माझ्याइतकी खुळी बाई या राज्यात दिवा घेऊन शोधलीत तरी सापडायची नाही,” असं एक कासारीण स्वतःच सगळ्यांना सांगत असे. फार फार पूर्वीची गोष्ट आहे ही. तेव्हा राजे हत्तीवरून फिरत आणि बाकीचे सगळे पायी नाहीतर बैलगाडीनं, त्यामुळे कुणाचंच माहेर जवळ नव्हतं.

कासारीण राहायची राजधानीत. नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं. तिनं चाळिशी ओलांडली होती, बोलणं मऊ होतं, आणि त्या मऊ बोलण्यात एखादा बारीक चिमटा ठरलेला. खुळेपणा कोणता, असं कुणी विचारलं की ती सांगायची, “अहो, ज्या बारवेचं पाणी पिऊन मी एवढी घोडी झाले, तिथं लग्नानंतर परत गेले ती एकदाच, आईच्या दिवसांना. माझ्या पोरींनी ते पाणी चाखलंसुद्धा नाही. अमृत सोडून इथलं खारं पाणी पाजते त्यांना. खुळी नाही तर काय?”

दरवर्षी ती माहेरी निघायची आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी सासूचं दुखणं, कधी स्वतःचं बाळंतपण, आणि लग्नसराई तर नेहमीचीच. कासारानं लग्नसराईत दुकान बंद ठेवायचं म्हणजे पेरणीच्या दिवसांत ताणून देण्यासारखं.

आता, जाता आलं नाही की गाव आहे तिथंच राहतं, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. ते सांगणाऱ्याच्या तोंडात वाढत जातं. सुरुवातीला बारवेचं पाणी नुसतं गोड होतं. मग ते उसाच्या रसासारखं झालं. धाकटी बोलायला लागेपर्यंत तर ते प्यायल्यावर ताप उतरायला लागला होता.

मुली दोन. थोरली सगळ्या गोष्टी तपासून घ्यायची. धाकटी आई म्हणेल ते खरं मानायची. पाण्याची गोष्ट ऐकल्याशिवाय ती झोपत नसे.

शेवटी एका वैशाखात कासारानं दुकानाला कुलूप लावलं, गाडी जुंपली आणि चौघं निघाली.

वेशीवर कासारणीचा थोरला भाऊ वाट पाहत उभा होता. शेजारी त्याची बायको होती. वहिनीनं पोरींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. कासारीण रडली, हसली, आणि नवऱ्याला म्हणाली, “बघा, तुमच्या राजधानीत असं कुणी पाय धुतं का?”

त्या गावाची एक रीत होती. सासरहून आलेल्या लेकीला ‘नाही’ म्हणायचं नाही. लेक चार दिवसांची पाहुणी असते, तिला नकार ऐकवला तर कणगीतलं धान्य आटतं, अशी समजूत. तिनं चंद्र मागितला तर म्हणायचं, “हो, उतरवायला माणूस पाठवलाय.”

पारावर गावातले सगळ्यांत वडीलधारे आबा बसले होते. कासारीण त्यांच्या पाया पडली.

“आबा, आमराईतला शेंदऱ्या आंबा अजून तस्साच धरतो ना?”

“धरतो की.”

“आणि माझी मैत्रीण? त्याच्या फांदीवर बसून दिवसभर वटवट करायची ती? अजून तशीच आहे ना?”

आबांनी पागोटं सारखं केलं. “हो. आता नदीपलीकडं असते.”

“पलीकडच्या वाडीत दिली होय! म्हणजे माहेर हाकेच्या अंतरावर. नशीबवान मेली!”

आबांनी पोरींच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढं ती बारवेवरून गेली. तोंडाशी बाभळीच्या काट्या रचल्या होत्या, आणि रहाट जागेवर नव्हता.

“दादा, काट्या गुरं उतरू नयेत म्हणून ना?”

“हो.”

“आणि रहाट सुताराकडं दिला असेल.”

“हो, सुताराकडंच.”

थोरलीनं आईचा पदर ओढला. “आई, इथं सगळे हो का म्हणतात?”

“याला माहेर म्हणतात, बाळ.”

“मग मी दुकानात जन्मभर माहेरच चालवतोय,” कासार म्हणाला. “बांगडी मनगटात शिरत नसली तरी म्हणतो, हो वहिनी, बसेल.” सगळे हसले. भाऊ जरा जास्तच मोठ्यानं हसला.

घरी आल्यावर वहिनीनं तांब्या पुढं केला. धाकटीनं दोन घोट घेतले आणि हिरमुसून म्हणाली, “आई, हे तर गोड नाही.”

कासारणीनं चाखून पाहिलं. “अगो बाई, हे नदीचं!”

“हो, वन्सं. नदीचंच आहे. उकळून गाळून घेतलंय.” वहिनीनं दाराकडं पाहिलं, मग नणंदेकडं. “वन्सं, बारवेचं पाणी...”

“वहिनी, तू गप्प बस बघू,” कासारीण हसत म्हणाली. “तू कोरडवाहू मुलखातली. तुमच्याकडं पाणी देव्हाऱ्यात ठेवतात. पाण्याबद्दल इथं मी बोलायचं आणि तू भाकरी थापायची.”

चिमटा गोडीनं काढलेला होता. वहिनीसुद्धा हसली. हसून झाल्यावर तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

“बारवेला काय झालंय?” भाऊ म्हणाला. “उद्या आणू की पाणी.”

आता कासारणीला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगते. दोन पावसाळ्यांमागं नदीला पूर आला होता. वरच्या अंगाला गुरं बुडाली, मसणवटा धुपला, आणि ते सगळं पाणी बारवेत उतरलं. मग गावात पटकी आली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी खांद्यावर जायचा. सरपण पुरेना तेव्हा शेंदऱ्या तोडला. कासारणीच्या मैत्रिणीला त्याच लाकडांवर ठेवलं. त्यानंतर बारवेच्या पायऱ्या कुणी उतरलं नाही. मधे एक परका मेंढपाळ उतरला होता, तोही गेला.

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण लेक हसत आली होती, तिला हसतच पाठवावं, असं प्रत्येकाला वाटलं. कुणाला लाजही वाटली. माहेरचं पाणी नासलं, हे सासरी जाऊन सांगायला लागावं, यासारखी नामुष्की दुसरी कोणती? भावानं तर तोडगा काढला होता. वाळा आणि गुळाचा खडा टाकून नदीचंच पाणी बारवेचं म्हणून द्यायचं. तिला कळणारसुद्धा नाही.

“कळलं तर?” वहिनीनं चुलीपाशी विचारलं होतं.

“तेव्हा बघू.”

दुसऱ्या दिवशी भाऊ शेतावर गेला आणि वहिनी नदीवर. ऊन चढलं. धाकटी सकाळपासून एकच घोष लावून बसली होती, “आई, आपलं पाणी कधी?” कासारणीनं पितळी तांब्या घेतला, नवऱ्याला आणि पोरींना घेतलं आणि निघाली.

पारावर आबा होतेच.

“आबा, पोरींना बारवेचं पाणी पाजून आणते. अजून तसंच गोड आहे ना?”

आबांनी तोंड उघडलं. एवढ्या आयुष्यात त्यांनी गावच्या एकाही लेकीला नकार दिला नव्हता. जीभ आपल्या सवयीच्या वाटेनं गेली.

“हो गं, पोरी.”

चौघं पुढं गेली.  मग आबा काठी टेकत उठले आणि ‘नाही’ म्हणायला माणूस शोधायला निघाले.

शेतावर भाऊ औत धरून होता. आबांनी धापा टाकत सांगितलं.

“मग तुम्ही अडवलं नाहीत?”

“मी कसा लेकीला नाही म्हणू? तू सख्खा भाऊ.”

“सख्खा आहे म्हणूनच तर! मी कसा म्हणू?”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि दोघांना एकदमच सुचलं. वहिनी परगावची. तिला ही रीत लागू नव्हती. भाऊ बैल तसेच सोडून नदीकडं धावला. बारव त्याच्या वाटेतच होती. पण तिच्या बाजूनं न जाता तो लांबून गेला, म्हणजे बहिणीनं काही विचारायला नको.

इकडं कासारानं काट्या बाजूला सारल्या होत्या. पायऱ्यांवर शेवाळ माजलं होतं. पाणी हिरवट दिसत होतं, आणि त्याला वास होता. हा वास शेवाळाचा, असं कासारणीला वाटलं. खरं सांगायचं तर तिनं तसं वाटून घेतलं. इतकी वर्षं ज्याचं कौतुक केलं, त्याला नाक मुरडायचं कसं?

ती स्वतः आधी प्यायली. घोट घशाशी अडला, तो तिनं रेटून खाली ढकलला.

कासारानं ओंजळभर घेतलं. “वा! अमृत,” तो म्हणाला. त्याचा धंदाच तो.

“मला तहान नाही,” थोरली म्हणाली आणि दोन पायऱ्या वर जाऊन बसली.

“बस. तू बापासारखी चिकित्सक.”

“बाबा तर प्यायले,” थोरली म्हणाली.

धाकटीनं तांब्या दोन्ही हातांनी धरला. पहिल्या घोटाला तिचा चेहरा वाकडा झाला. तिनं आईकडं पाहिलं. आई इतक्या आशेनं बघत होती, की पोर पुन्हा प्यायली, आणि पुन्हा.

“गोड आहे ना गं?”

“हो,” धाकटी म्हणाली.

तेवढ्यात वरून आरोळी आली, “नको!” वहिनी धावत येत होती, डोक्यावर पदर नव्हता, पायात काटे मोडले होते. तिनं तीन पायऱ्या एकदम उतरून पोरीच्या हातातला तांब्या उडवला. तांब्या पायऱ्यांवरून घरंगळत पाण्यात गेला.

त्या गावात लेकीच्या कानावर पडलेला तो पहिला नकार. धाकटीनं तोवर अर्धा तांब्या संपवला होता.

दिवस मावळायच्या आत तिघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. वहिनी पेजेचं पाणी चमच्या-चमच्यानं तोंडात घालत राहिली. गाव दारात गोळा झालं. कासारीण शुद्ध येईल तेव्हा विचारायची, “धाकटी बरी आहे ना?” आणि दारातले सगळे म्हणायचे, “हो, हो. बरी आहे.”

धाकटी बरी नव्हती. उजाडलं तेव्हा ती नव्हतीच.

कासार उठला, पण काठीसारखा होऊन उठला. कासारीणही वाचली. भावाच्या खांद्यावर हात टाकून ती नदीपलीकडं गेली, पोरीला ठेवलं होतं ती जागा बघायला. मातीचा लहानसा उंचवटा होता, त्यावर दगड रचले होते. आजूबाजूला राखेचे काळे डाग होते, दोन पावसाळे होऊनही न पुसलेले. कासारणीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. नदीच्या या बाजूला वाडी नव्हती, घर नव्हतं, चूल नव्हती. मैत्रीण कुठं राहते, ते तिला तेव्हा कळलं.

तिनं भावाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. भावानं जमिनीला डोकं टेकलं आणि तो बराच वेळ तसाच राहिला. त्यानंतर तो जगला, पण बहीण समोर आली की त्याची मान वर झाली नाही.

गावानं बारव दगडमातीनं बुजवली. आबांनी पारावर बसणं सोडलं. पुढं त्या गावात रीत बदलली. लेक वेशीवर आली की पाय धुवायच्या आधी तिला सांगायचं, गावातलं काय काय उरलं नाही आणि कोण कोण गेलं. काही लेकी तिथंच उभ्या राहून रडतात. मग त्यांना घरात घेतात.

लहानथोरांनो, या गोष्टीचं तात्पर्य एका ओळीचं आहे: ज्या मायेला वेळेवर ‘नाही’ म्हणता येत नाही, ती माया आपल्याच माणसाचा घात करते.

पण हे शहाणपण गावाला पुढं सुचलं. कासारीण निघाली त्या दिवशी कुणालाच काही सुचत नव्हतं. गाडी जुंपली होती. कासार आत पडून होता, थोरली त्याच्या उशाशी बसली होती. गाव दूर उभं होतं. जवळ आली ती एकटी वहिनी, शिदोरीचं फडकं घेऊन.

कासारणीनं फडकं घेतलं नाही. तिनं वहिनीचा हात धरला.

“बाकीच्यांचं सोड. त्यांची रीत होती. तू तर परगावची. आल्या दिवशीच एक शब्द बोलली असतीस तर? तुझं तोंड कुणी धरलं होतं गं?”

वहिनीनं शिदोरी गाडीत ठेवली, फडक्याची गाठ नीट केली.

“तुम्हीच, वन्सं.”